फुसका बार आणि त्यानंतरचा बार
(लेखमाला : हत्यारांची घडण, भाग 9)

काडतुसाच्या पोटात काय असतं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. बुडाला टोपी, मध्ये दारू, तोंडाशी गोळी किंवा छर्रे. यातली दारू रुसली तर काय होतं, ते आज.

सोलापूर जिल्ह्यात पिकाच्या राखणीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी परवान्याची बारा बोअर नाहीतर .32चं रिव्हॉल्व्हर बाळगणारे लोक आहेत. ही हत्यारं वर्षानुवर्षं वाजत नाहीत. काडतुसं पत्र्याच्या पेटीत पडून राहतात, मे महिन्यात 43-44 अंशांत तापतात आणि श्रावणात ओल धरतात. त्यात एखादा हौशी मालक बंदुकीबरोबर काडतुसांनाही तेल चोळतो. ही माया महागात पडते. तेल टोपीच्या कडेनं आत झिरपतं आणि दारू नासवतं.

असं काडतूस भरून चाप ओढला की टोपी फुटते, पण दारू नीट पेटत नाही. दणक्याऐवजी नुसतं ‘फट्’ होतं, खांद्याला धक्का जाणवत नाही. एकट्या टोपीतही इतका जोर असतो की गोळी टरफलातून सुटून नळीत थोडी पुढे सरकते आणि आतल्या पेचदार खाचांत, म्हणजे आट्यांत, रुतून बसते. रिव्हॉल्व्हरमध्ये कधी ती अर्धी नळीत, अर्धी चक्रात अडकते. मग चक्रच फिरत नाही, आणि ते एका अर्थी बरंच, कारण पुढचा बार काढताच येत नाही.

जिवावर बेततो तो पुढचा बार. मागून आलेली गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते, वायूला वाट उरत नाही आणि नळी फुगते किंवा फाटते. लांब बंदूक धरताना डावा हात नळीखालीच असतो. कधी नळी टिकते, पण अडकलेली गोळी सुटते आणि तेही तितकंच वाईट. 31 मार्च 1993 रोजी अमेरिकेत ‘द क्रो’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात ब्रँडन ली हा नट असाच गेला. दारू काढलेल्या दिखाऊ काडतुसात टोपी जिवंत राहिली होती, तिनं गोळी नळीत ढकलली. कुणी नळी तपासली नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये नुसत्या आवाजाचं काडतूस भरलं आणि त्याच्या वायूनं ती गोळी बाहेर फेकली.

बारा बोअरवाल्यांसाठी आणखी एक सापळा आहे. 20 बोअरचं काडतूस चुकून भरलं तर ते काडतूस बसण्याच्या घरातून (चेंबरमधून) घसरून नळीच्या सुरुवातीला अडकतं. मागून बंदूक रिकामीच दिसते आणि त्यामागे बारा बोअरचं काडतूस सहज बसतं. म्हणून बऱ्याच कंपन्या 20 बोअरची टरफलं पिवळी करतात. तरीही दोन्ही काडतुसं एका खिशात नकोतच.

‘फट्’ आवाज आला की बोट चापावरून काढा आणि नळी मोकळ्या, निर्धोक दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबा. दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते. मग बंदूक पूर्ण रिकामी करा, उघडा आणि मागच्या बाजूनं उजेडाकडे पाहा. तोंडाकडून नळीत डोकावणं नको, बंदूक रिकामी असली तरी.

यापुढचं काम परवानाधारक कारागिराचं. दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 तेच सांगतं. कारागीर आधी आत नुसती गोळी आहे की जिवंत काडतूस, याची खात्री करतो. जिवंत काडतुसावर गज ठोकणं म्हणजे स्वतःच्या हातानं बार काढणं. मग पातळ तेल सोडून वाट पाहतो. नळीच्या मापाला जवळजवळ भिडणारा, सपाट तोंडाचा पितळी गज घेतो आणि बहुतेक वेळा तोंडाकडून मागे, म्हणजे गोळी आली त्याच वाटेनं, हलक्या ठोक्यांनी तिला परत पाठवतो. पोलादी गज आटे खरवडतो, लाकडी गज तुटून गोळीशेजारी पाचर बनतो, बारीक गज शिशात घुसून गोळी आणखी फुगवतो. ड्रिल लावणं, नळी तापवणं आणि ‘दुसऱ्या बारानं उडवू’ म्हणणं, हे तीन उद्योग फक्त बढाईखोर करतात.

गोळी निघाल्यावर तो नळी उजेडापुढे धरून फिरवतो. आत कुठे अंगठीसारखी काळपट सावली दिसली, तर नळी तिथे फुगलेली आहे. अशी नळी घासूनपुसून चालवायची नसते, ती बाद.

निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळाली की हीच नजर टाका. कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर बांधते, आणि ते घरही गोळीइतकीच वाट अडवतं. ते मात्र साफसफाईच्या गजानं निघतं.

पुढच्या आठवड्यात : नळीतले आटे कशासाठी?