बंदर गेले, तिजारत राहिली
गॉलच्या मुसलमान जव्हेऱ्यांची हकिकत

क्रिकेटमुळे गॉल हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य टोकावरील या गावच्या मैदानामागचा दगडी तट टीव्हीवर अनेकांनी पाहिला असेल. पण त्या तटाच्या आत मुसलमान व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे आणि जवाहिरांच्या धंद्यावर ती आजही तग धरून आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ही तिजारत कशी टिकली, हे पाहण्यासाठी आम्ही गॉलला गेलो.

कोलंबोपासून गॉल सुमारे १२० किलोमीटर आहे. २०११ साली सुरू झालेल्या द्रुतगती मार्गाने लवकर पोहोचता येते; आम्ही मात्र समुद्राच्या कडेने जाणारी आगगाडी धरली. वाटेत बेरुवला लागते. येथील चायना फोर्ट भागात रत्नांचा मोठा बाजार असून तो मुख्यतः मुसलमानांच्या हातात आहे. रत्नपुराच्या खाणींतला नीलम येथे कागदाच्या पुडीतून या हातातून त्या हातात जातो. गॉलच्या दुकानांत जो माल दिसतो, त्याची वाट अशी आहे.

नाखुदा इब्राहिमचे गाव

इब्न बतूता १३४४ च्या सुमारास येथे आला होता. त्याने या गावाला ‘काली’ म्हटले आहे आणि नाखुदा इब्राहिम नावाच्या मुसलमानाने आपली मेहमाननवाजी केल्याचे नमूद केले आहे. आपल्या कोकणातला ‘नाखवा’ तो हाच शब्द! पुढे चिनी दर्यासारंग झेंग ह याने १४०९ ची तारीख असलेला एक शिलालेख येथे आणला. तो चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत आहे. चिनी मजकूर बुद्धाला, तमिळ मजकूर विष्णुरूप दैवताला आणि फारसी मजकूर अल्लाहला उद्देशून आहे. अर्पण केलेल्या वस्तूंची यादी मात्र जवळपास सारखीच. फारसी ही त्या काळी मुसलमान व्यापाऱ्यांची भाषा. त्यांना वगळून या किनाऱ्यावर व्यवहार होत नव्हता, याची ही दगडावरची साक्ष आहे. हा दगड १९११ साली गॉलमध्ये सापडला व आता तो कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पोर्तुगीजांनी येथे तट उभारला, डचांनी १६४० साली तो जिंकला आणि १६६३ पासून आजचा भक्कम दगडी कोट बांधला. १७९६ साली इंग्रज आले. राज्ये बदलली, पण ‘मूर’ म्हणून ओळखले जाणारे, घरात तमिळ बोलणारे हे मुसलमान तेथेच राहिले. किल्ल्यातील रस्त्यांची नावेही धंद्याची आहेत. पेडलर स्ट्रीट म्हणजे फेरीवाल्यांची गल्ली. लेन बान स्ट्रीट म्हणजे दोर वळणाऱ्यांची.

जहाजे का गेली?

आगबोटींच्या काळात युरोपहून पूर्वेकडे जाणारी जहाजे कोळसा, टपाल आणि उतारूंसाठी गॉलला थांबत. पण बंदरात एक मोठा दोष होता. पाण्याखाली खडक होते आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात जहाजे सुरक्षित राहत नसत. ‘अ‍ॅव्हॉन्डस्टर’ हे डच जहाज १६५९ साली याच खाडीत बुडाले. इंग्रजांनी गॉल सुधारण्याऐवजी कोलंबोला लाटा अडवणारा धक्का बांधण्याचे ठरवले. १८७५ साली त्याचा पहिला दगड बसला, १८८५ साली तो पुरा झाला आणि जहाजांनी कोलंबोचा रस्ता धरला.

अशा वेळी वस्ती उठते. गॉलची मुसलमान वस्ती मात्र उठली नाही. दीपगृहासमोरची पांढरीशुभ्र, दुरून गिरिजाघर वाटावे अशी मीरान जुम्मा मशीद १९०४ सालची आहे. म्हणजे जहाजे गेल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी बांधलेली! जमात गाव सोडण्याच्या विचारात असती, तर एवढी इमारत उभी राहिली नसती.

याचे कारण धंद्यात आहे. मसाल्याच्या गोणीला जहाज लागते, नीलम खिशातून जातो. त्याला लागते ती पारख, पैलू पाडणारा हात आणि दिलेला शब्द. या तिन्ही गोष्टी बंदराबरोबर वाहून गेल्या नाहीत.

पण पारखही शिळी होते. लंकेच्या खाणींत ‘गेउडा’ नावाचा दुधट, फिकट खडा निघतो. एके काळी त्याला किंमत नव्हती. १९७० च्या दशकात थायलंडचे व्यापारी तो स्वस्तात नेऊ लागले. भट्टीत मोठी उष्णता दिली की तोच खडा निळाशार नीलम होतो, हे त्यांनी हेरले होते. लंकेने ही विद्या नंतर आत्मसात केली, पण तोवर पुष्कळ नफा परमुलखात गेला होता. माल आपला आणि इल्म दुसऱ्याचा असेल, तर बरकतही दुसऱ्याचीच होते. गिऱ्हाइकानेही हे ध्यानात ठेवावे. खड्याला उष्णता दिली आहे की नाही, यावर किमतीत मोठा फरक पडतो. ते तपासणीच्या दाखल्यावर लिहून घ्यावे.

आजची कसोटी

१९८८ साली किल्ल्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने बाहेरचे शहर उद्ध्वस्त केले; तटाने आतली वस्ती बरीचशी वाचवली. परंतु दुसरी लाट पैशाची होती. २००२ च्या युद्धविरामानंतर परदेशी लोकांनी किल्ल्यातील जुनी घरे विकत घेतली आणि तेथे हॉटेले व बंगले थाटले. २०१४ च्या कायद्याने परदेशीयांना जमीन विकण्यावर निर्बंध आले, पण तोवर अनेक घरे हातची गेली होती. ज्यांनी विकले नाही, त्यांतले कोणी खाली दुकान आणि वर पाहुण्यांच्या खोल्या करून तेच घर कमाईचे साधन बनवले आहे.

वाटेत काटेही आहेत. जून २०१४ मध्ये अलुथगामा-बेरुवला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गॉलजवळच्या गिंतोटा येथे मुसलमानांवर हल्ले झाले. २०१९ च्या ईस्टरमधील बॉम्बस्फोट, मग महामारी, मग २०२२ ची देशाची दिवाळखोरी. पर्यटकांवर चालणारा धंदा प्रत्येक वेळी ठप्प झाला. जो केवळ पर्यटकांवर अवलंबून होता तो आधी कोसळला. ज्याचा खडा बाहेरच्या बाजारातही विकला जात होता त्याला थोडा आधार राहिला.

आपल्या कोकणात दाभोळ, चौल, राजापूर ही बंदरे अशीच नावाजलेली होती. खाड्या गाळाने भरल्या, जहाजे गेली, आणि आपण मुंबई व आखाताची वाट धरली. त्यात गैर काही नाही. हलाल रोजी जेथे मिळेल तेथे जावे. पण आखाताचा पैसा हेही एक बंदरच आहे आणि बंदर कायमचे नसते. त्या पैशातून मुलांच्या हाती कोणता हुन्नर दिला, आणि गावचे घर बंद ठेवले, विकले की कामाला लावले, हा हिशेब प्रत्येक कुटुंबाने आजच मांडावा.