छपाईतील दोष आणि त्यांचा माग

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेची एक स्मरणिका ऐन पावसाळ्यात घाईघाईने छापली गेली. प्रकाशन थाटात झाले. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीची आई अंक घेऊन आमच्याकडे आली. शेतमजुरी करणाऱ्या त्या माउलीने एका दिवसाची मजुरी देणगी म्हणून दिली होती. “सर, यात माझं नाव कुठं हाय?” असे तिने विचारले. नाव यादीत होते. पण त्यावर दुसऱ्याच मजकुराची शाई लागल्याने ते वाचता येत नव्हते. दोन ओळी खाली एका ‘कांबळे’ आडनावाचा अनुस्वार उडून ‘काबळे’ झाले होते. आम्ही निरुत्तर झालो.

छापखान्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. परंतु कारण समजून घ्यावे असे आम्हांस वाटले. ऑफसेट यंत्रावर मशिनमन म्हणून काम करणारा आपलाच एक माजी विद्यार्थी या वेळी आमचा शिक्षक झाला.

ऑफसेट छपाई एका साध्या नियमावर उभी आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. आलॉइस सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात याच नियमावर शिळाछाप शोधला. पुढे १९०४ च्या सुमारास अमेरिकेतील आयरा रुबेल याच्या यंत्रात एकदा कागद घालायचा राहिला आणि मजकूर दाबाच्या रबरी रुळावर उमटला. पुढच्या कागदाच्या पाठीवर तो रबरावरून उतरला, तो थेट छपाईपेक्षाही सुबक! आजही प्लेटवरील मजकूर आधी रबरी ब्लँकेटवर आणि तेथून कागदावर येतो. प्लेटवर मजकुराची जागा शाई धरते, कोरी जागा पाणी धरते. बहुतेक दोष या शाई-पाण्याच्या तोलात, नाहीतर प्लेट, ब्लँकेट, रोलर आणि कागद यांपैकी एकात दडलेले असतात.

दोष शोधताना पहिला प्रश्न असा: तो प्रत्येक कागदावर त्याच जागी येतो काय? येत असेल तर प्लेट, ब्लँकेट किंवा दाबाचा सिलिंडर तपासावा. जागा बदलत असेल तर कागदाची धूळ किंवा शाईतील कचरा यांचा संशय घ्यावा. अर्थात कचरा प्लेटला चिकटून बसला, तर पुसेपर्यंत तोही त्याच जागी उमटत राहतो. म्हणून आधी प्लेट आणि ब्लँकेट स्वच्छ करून पाहावे.

कोऱ्या जागेवर करडी झाक आली तर थोडे पाणी वाढवून पाहावे. झाक गेली तर पाणी कमी पडत होते. न गेल्यास प्लेट, पाण्याचे रोलर आणि पाण्यातील रसायनाचे प्रमाण पाहावे. याउलट अक्षरे फिकी, धुतल्यासारखी दिसू लागली तर पाणी जास्त झाले आहे. अशा वेळी शाई वाढवण्याचा मोह होतो; त्याने दोष दुणावतो.

वाळलेल्या शाईची खपली प्लेटवर बसली तर ठिपका उमटतो आणि भरीव रंगात त्याभोवती पांढरे कडे दिसते. कागदाचा तंतू बसला तर तेथे पांढरा डाग राहतो. देवनागरीत हा दोष फार महाग पडतो. एका ठिपक्याने ‘नदी’ची ‘नंदी’ होते आणि एका तंतूने ‘कांबळे’चा अनुस्वार जातो.

रंगीत छायाचित्रात चेहऱ्याच्या कडेला लाल वा निळी रेघ दिसली तर चार रंग एकमेकांवर नेमके बसलेले नाहीत. यंत्राची जुळणी बरोबर असूनही असे घडत असेल, तर कागद पाहावा. पावसाळी हवेत तो ओलावा शोषतो, फुगतो, त्याच्या कडा लाटेसारख्या होतात. म्हणून कागद वेष्टनातच ठेवावा आणि छापखान्याच्या हवेत रुळल्यावरच उघडावा.

त्या माउलीच्या नावाचे काय झाले होते? शाई जाड, हवा दमट, कागदांची थप्पी उंच आणि घाई. खालच्या कागदाची ओली शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागली. उपाय साधे होते: शाई बेताची ठेवणे, कागदांमध्ये बारीक पावडर फवारणे, थप्पी लहान करणे आणि पुरेसे वाळू देणे. शेवटचा उपाय छापखान्याच्या नव्हे, आमच्याच हाती होता. मजकूरच आम्ही उशिरा दिला होता.

मशिनमनचा एक नियम आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना फार पटला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. पाणी, शाई आणि दाब एकदम बदलले तर दोष गेला तरी कारण कळत नाही. मग तोच दोष पुन्हा येतो. तसेच पसंत केलेला पहिला कागद समोर ठेवून अधूनमधून त्याच्याशी नवा कागद ताडून पाहावा.

प्रस्तुत स्मरणिकेचा मजकूर आम्ही वेळेत दिला. देणगीदारांच्या यादीचा फर्मा चढला तेव्हा आम्ही यंत्रापाशी उभे होतो. पहिला कागद भिंगाखाली धरून प्रथम त्या माउलीचे नाव वाचले. ते या अंकात स्वच्छ उमटले आहे.