मनाच्या आजारालाही औषध असतं

बैठक कधी न चुकवणारी बाई येईनाशी झाली, की सुलतानपूरच्या गटांत आम्ही आधी हप्त्याचं विचारतो. आज मनाचं बोलू.

सोयाबीन गेलं, घरात भांडण झालं, तर वाईट वाटतंच. हळूहळू ते ओसरतं. पण दोन आठवडे रोज मन उदास राहिलं किंवा कशातच गोडी उरली नाही, सोबत झोप-भूक बिघडली, थकवा आला, आपण कुचकामी आहोत असं वाटू लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. बाया बहुतेकदा डोकं दुखतं, अंग दुखतं एवढंच सांगतात. हा आळस नाही, बाहेरची बाधाही नाही.

डॉक्टर विचारपूस करून निदान करतात. थायरॉईड, रक्त कमी आहे का, हेही पाहतात. कर्ज, मारहाण, बाळंतपण, घराण्यातला आजार अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात.

उपचार म्हणजे समुपदेशन, गरजेप्रमाणे गोळ्या. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमानं गावातच मदत पोचवली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात ४ होते, १८ महिन्यांनी २७ झाले.

कुणी मरणाची भाषा केली, तर सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तो बैठकीच्या वहीवर आजच लिहून ठेवा.