सिग्नल आहे, इंटरनेट नाही
एका घरातील दोन संगणक, एकच जोडणी आणि बिघाड शोधण्याचा क्रम

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके येतात आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे १२ लाख लोकसंख्येपैकी दर पाच जणांतील चाराहून अधिक जण ग्रामीण भागात राहतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) यांच्या बरोबरीने वाशिमही होता. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद, परीक्षेचे प्रवेशपत्र आणि निकाल हे सारे ऑनलाइन झाल्यापासून तालुक्याच्या गावीच नव्हे, तर खेड्यातील घरांतही जुन्या डेस्कटॉपच्या जोडीला लॅपटॉप आला. इंटरनेटची जोडणी मात्र बहुधा एकच राहिली, मग ती फायबरची असो वा केबलने संगणकाला जोडलेल्या मोबाइल फोनची. अशा घरात पहिल्या संगणकावरील इंटरनेट बिनतारी मार्गाने दुसऱ्यालाही पुरवणे हा सोयीचा आणि जवळजवळ बिनखर्चाचा उपाय ठरतो. तो चालेनासा झाला की दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसतात, परंतु एकही पान उघडत नाही, आणि घरातील सगळ्यांचा रोख ‘रेंज’कडे वळतो.

हा रोख बहुतेक वेळा चुकीचा असतो. सिग्नलचे चिन्ह केवळ दोन संगणकांमधील रेडिओ लहरींची स्थिती दाखवते. त्या लहरींवरून जाणाऱ्या माहितीला बाहेरच्या जगाचा रस्ता सापडला की नाही, याविषयी त्या रेघा काहीच सांगत नाहीत. म्हणून बिघाड शोधताना इंटरनेटचा प्रवास टप्प्याटप्प्याने तपासणे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणे, ही या कामातील मुख्य शिस्त होय.

जोडणी वाटली जाते म्हणजे काय होते

एका संगणकाची जोडणी दुसऱ्याला वापरू देण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत दिली, तेव्हा ती डायल-अप मोडेम आणि तारांच्या काळातली होती. ऑगस्ट २०१६ च्या विंडोज १० मधील सुधारणेने तीच सोय ‘मोबाइल हॉटस्पॉट’ या नावाने सेटिंग्जमधील एका बटणावर आणली आणि एकाच वेळी आठ उपकरणे जोडण्याची मुभा दिली. या व्यवस्थेत इंटरनेट ज्याला थेट मिळते तो यजमान संगणक तीन कामे एकदम करत असतो: तो आपल्या वाय-फाय कार्डातून लहरी सोडतो, दुसऱ्या संगणकाला घरापुरता एक आकड्यांचा पत्ता देतो आणि दुसऱ्याची प्रत्येक मागणी स्वतःच्या नावावर बाहेर पाठवून आलेले उत्तर योग्य जागी पोहोचवतो. पत्ता देण्याच्या कामाला डीएचसीपी आणि नाव बदलून मागणी पाठवण्याच्या कामाला नॅट म्हणतात.

घरापुरत्या पत्त्यांचे स्वरूप गावच्या गट क्रमांकांसारखे असते. गट क्रमांक १३७ रिसोड तालुक्यातील एका गावात असतो, तसा मानोऱ्यातील दुसऱ्या गावातही असू शकतो आणि त्यामुळे कोणाचे अडत नाही. परंतु एकाच गावात तोच क्रमांक दोन शेतांना पडला तर तंटा ठरलेला. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ मध्ये अशाच खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले आणि जगभरातील घराघरांत तेच पुन्हापुन्हा वापरले जातात. विंडोज एक्सपीच्या काळात यजमान संगणक स्वतःसाठी १९२.१६८.०.१ हा पत्ता घेत असे आणि काही ब्रॉडबँड मोडेमही नेमका तोच पत्ता घेत असल्याने दोघांची गाठ पडून सगळेच बंद पडत असे. विंडोज ७ पासून यजमानाचा पत्ता १९२.१६८.१३७.१ असतो, त्यामुळे हा प्रकार पुष्कळ कमी झाला असला तरी जुन्या यंत्रांवर तो आजही आढळतो.

तपासणीचा क्रम

पहिली तपासणी यजमान संगणकावरच करावी लागते. दुसरा संगणक बाजूला ठेवून यजमानावर एखादे नेहमी न उघडलेले संकेतस्थळ उघडून पाहावे, कारण रोजचे पान कधीकधी साठवलेल्या प्रतीतूनही दिसते आणि जोडणी चालू असल्याचा भास होतो. येथेच अडले असेल तर दोष वाटपात नसून मूळ जोडणीत आहे, आणि दुसऱ्या संगणकाशी कितीही झटापट केली तरी ती व्यर्थ जाते.

यजमानावर इंटरनेट चालत असेल तर कोणती जोडणी वाटायची हे बरोबर निवडले आहे का ते पाहावे. फोन केबलने जोडून इंटरनेट घेणाऱ्या घरांत हा घोटाळा विशेष होतो. फोन बदलला किंवा केबल दुसऱ्या खाचेत घातली की विंडोज तिला नवी जोडणी समजून ‘इथरनेट ३’ किंवा ‘इथरनेट ४’ असे वेगळे नाव देऊ शकते, आणि वाटपाची निवड मात्र जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या जोडणीवरच टिकून राहते. अशा वेळी वाटप एकदा बंद करून नव्या जोडणीवर पुन्हा सुरू करणे एवढेच पुरते.

यानंतरची तपासणी पत्त्याची असून ती सर्वांत अधिक बोलकी आहे. दुसऱ्या संगणकाच्या कमांड खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की त्याला मिळालेला पत्ता दिसतो. तो १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर पत्तावाटप ठीक आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ असा, की संगणकाने पत्ता मागितला, उत्तर आले नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता ठरवून घेतला. अशा पत्त्यावर बाहेर जाता येत नाही. येथे दोष बहुधा यजमानाकडे असतो. वाटपाची सेवा बंद पडलेली असते किंवा अँटिव्हायरसची स्वतंत्र फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी सुरक्षाभिंत, पत्त्याची मागणीच आत येऊ देत नाही. तिसऱ्याच आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला, तर शाळेत, कार्यालयात किंवा सेवा केंद्रात वापरताना कोणीतरी कायमचा भरून ठेवलेला पत्ता तसाच राहिल्याची शक्यता असते. तो काढून ‘आपोआप मिळवा’ हा पर्याय निवडावा.

पत्ता ठीक असूनही पाने उघडत नसतील तर ‘पिंग’ या आज्ञेने ८.८.८.८ या गुगलच्या सार्वजनिक सर्व्हरला हाक द्यावी आणि नंतर तीच हाक एखाद्या संकेतस्थळाच्या नावाने द्यावी. आकड्याला उत्तर येते पण नावाला येत नाही, असे झाल्यास रस्ता मोकळा असून नावाचे आकड्यांत रूपांतर करणारी डीएनएस ही व्यवस्था अडली आहे, हे निश्चित होते आणि दुसऱ्या संगणकात डीएनएसचा पत्ता हाताने भरून काम भागते. मात्र यजमानाच्या १९२.१६८.१३७.१ या पत्त्याला दिलेली हाक अनुत्तरित राहिली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण काही फायरवॉल केवळ पिंगला उत्तर देण्याचे नाकारतात आणि बाकीची वाहतूक चालू ठेवतात.

बिघाडासारखे दिसणारे, पण बिघाड नसलेले

काही अडचणी जोडणीच्या वाटतात, पण त्यांचे मूळ अन्यत्र असते. बरीच वर्षे वापरलेल्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल संपला की वीज जाऊन आल्यावर संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची ओळखपत्रे ठराविक मुदतीची असल्याने संगणक त्या जुन्या तारखेला आजचे ओळखपत्र ग्राह्य धरत नाही आणि ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देऊन पान अडवतो. शासकीय अर्जाचे संकेतस्थळ उघडत नाही म्हणून घरचे लोक वाय-फाय पुन्हापुन्हा बंद-चालू करतात. खरे तर पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख दुरुस्त केली आणि किरकोळ किमतीचा सेल बदलला की प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण डेटाच्या मर्यादेची. मोबाइलच्या अनेक योजनांत दिवसाला दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो आणि तो संपल्यावर जोडणी तुटत नाही, वेग मात्र ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने पाच एमबीची स्कॅन केलेली सातबाराची प्रत चढवण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात संकेतस्थळ कंटाळून वापरकर्त्याला बाहेर काढते. दुसरा संगणक जोडला की त्याची रखडलेली अद्यतने मुकाट्याने उतरू लागतात आणि दिवसाचा वाटा सकाळीच संपू शकतो. म्हणून दुसऱ्या संगणकावर ही जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायची, अशी नोंदवून ठेवणे हिताचे असते.

तिसरी अडचण विजेच्या बचतीची. यजमान झोपी गेला की वाटप थांबते, आणि कोणी जोडलेले नसल्यास हॉटस्पॉट आपोआप बंद करण्याचा पर्यायही विंडोजमध्ये असतो. ‘सकाळी चालले, दुपारी बंद पडले’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा या दोन सेटिंग्जमध्ये सापडते.

रेंजचा प्रश्न केव्हा खरा असतो

वरील सर्व तपासण्या पार पडल्यानंतरही जोडणी तुटत-जुळत असेल, तरच लहरींकडे वळणे योग्य. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याची अट जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने निघाली, तर ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला. पहिल्या पट्ट्यातील लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या असल्याने भिंतीतून तुलनेने बऱ्या जातात, मात्र तेथे ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि शेजाऱ्यांचे राउटर यांची गर्दी असते; दुसरा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारा. कारंजा किंवा रिसोडच्या जुन्या गावठाणातील दगड-मातीच्या जाड भिंती, त्यातही पावसाळ्यात ओल धरलेल्या, लहरी शोषून घेतात आणि टिनाचे छप्पर किंवा लोखंडी कपाट त्यांना परत फिरवते. डेस्कटॉपच्या मागील खाचेत बसवलेले वाय-फायचे डोंगल भिंत आणि लोखंडी पेटी यांच्या बेचक्यात सापडते. ते हातभर लांबीच्या यूएसबी वायरने टेबलावर आणले तरी फरक पडतो. भिंती आड येत असतील तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. यजमान स्वतःच वाय-फायवरून इंटरनेट घेऊन त्याच कार्डातून पुढे देत असेल, तर एकाच रेडिओला घेणे आणि देणे आळीपाळीने करावे लागते आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. येथे बिघाड नसून रचनेचीच मर्यादा आहे.

या मर्यादेमुळेच दोन संगणकांतील वाटप हा परीक्षेच्या अर्जाच्या दिवसांपुरता, पाहुण्याच्या लॅपटॉपपुरता किंवा फोनच्या जोडणीवर भागवण्यापुरता उत्तम उपाय ठरतो. घरात फायबर आले असेल आणि दोन्ही संगणक रोज लागत असतील, तर एकासाठी दुसरा दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा राउटर बसवणे शहाणपणाचे, कारण डेस्कटॉपला लागणाऱ्या विजेच्या अगदी थोड्या अंशात तो चालतो आणि वीज गेल्यावर छोट्या बॅटरीवरही काही तास तग धरतो. तोपर्यंत मात्र मूळ जोडणी, वाटपाची निवड, पत्ता, नाव आणि सर्वांत शेवटी लहरी, या क्रमाने पाहिल्यास बहुतेक बिघाड कोणालाही न बोलावता घरच्या घरी सुटतात.