किराण्यात कुठे वाचवावे, कुठे नाही

रक्त कमी असलेल्या बाईला ‘जरा चांगलं खात जा’ असे सांगितले की तेल्हाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात एक उत्तर ठरलेले असते. ‘‘डॉक्टरसाहेब, चांगलं खायाले पैसा कुठून आनू? तेलाचा भाव पाह्यला त जीव घाबरते.’’

हे उत्तर खोटे नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आढळला. त्यांना बदाम, सफरचंद आणि डब्यातली प्रथिन पावडर सांगून उपयोग नाही. मात्र महागाईत बहुतेक घरी काटकसर भलतीकडेच होते. डाळ पातळ होते, शेंगदाणे कमी होतात, तेल-बेसन सुटे आणि हलके येते. पण बिस्किटांचा आणि कुरकुऱ्यांचा पुडा चालूच राहतो. म्हणून आज पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही, एवढेच पाहू.

भाव किलोचा नको, सत्त्वाचा काढा

मध्यम वजनाच्या बाईला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिने लागतात. दुकानात उभे असताना प्रश्न असा विचारा, की या वस्तूतून 10 ग्रॅम प्रथिने मिळवायला किती रुपये पडतील? तूरडाळ असेल तर सुमारे 50 ग्रॅम लागेल, शेंगदाणे 40 ग्रॅम, सोयाबीन 30 ग्रॅमपेक्षा थोडे कमी, अंडी दीड, दूध 300 मिलीलिटरच्या आसपास. साध्या ग्लुकोज बिस्किटांतून तेवढीच प्रथिने घ्यायची तर 150 ग्रॅम बिस्किटे खावी लागतील, आणि सोबत कितीतरी साखर आणि मैदा पोटात जाईल. आजचे भाव घालून हा हिशेब घरी एकदा कागदावर मांडा. स्वस्त वाटणारा पुडा किती महाग आहे ते लगेच दिसेल.

या हिशेबात सोयाबीन जवळजवळ नेहमीच पहिले येते. आपल्या भागात ते पोत्यांनी पिकते, पण बाजार समितीत जाते आणि घरात मात्र त्याचे फक्त तेल येते. सोयाबीन कच्चे दळून खाऊ नये, कारण त्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावेत, कडक वाळवावेत आणि नऊ भाग गव्हात एक भाग मिसळून दळून आणावेत. पोळीची चव फारशी बदलत नाही.

आपल्या मातीतले स्वस्त

कापूस आणि सोयाबीन वाढले तशी वऱ्हाडातली ज्वारी मागे पडली, आणि भाकरीची जागा पोळीने घेतली. ज्वारीत लोह आणि चोथा चांगला असतो. तिच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असते ते धान्यात असते. ज्वारीत उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी किंवा भाकरीसोबत मुगाचे, बरबटीचे वरण ही जोड म्हणूनच पक्की आहे. त्यासाठी महागडे ‘मल्टिग्रेन’ पीठ विकत आणायला नको.

जवसाचेही तसेच. ओमेगा-3 च्या कॅप्सूल घेणाऱ्यांनी घरच्या जवसाच्या चटणीकडे पाहावे. फक्त जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडते. ते भाजून कुटावे, आणि चटणी थोडी थोडीच करावी, कारण त्यातले तेल लवकर खवट होते.

आंबाडी, तांदुळजा, चवळीची पाने या भाज्या हंगामात स्वस्त असतात. पालेभाजीतले लोह शरीरात शोषले जायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. बाळापूर तालुक्यातले वाडेगाव लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. त्या लिंबाची एक फोड जेवताना पिळली तर तेच लोह अधिक उपयोगी पडते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर उलटे होते. चहा तासभर पुढे ढकलायला पैसा लागत नाही.

रेशनचा तांदूळही नीट ओळखा. त्यात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून कित्येक घरी ते निवडून फेकले जातात. ते प्लास्टिक नसते. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 मिसळून तसे दाणे तयार करतात आणि 100 किलो तांदळात 1 किलो या प्रमाणात घालतात. ते फेकले तर फुकट मिळालेले औषध फेकल्यासारखे होते. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, तर त्याच्यापुरते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

इथे वाचवू नका

पहिली वस्तू तेल. 1998 साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने ‘ड्रॉप्सी’ची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. त्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल होते. या बिया मोहरीसारख्याच दिसतात आणि हे झुडूप आपल्याही बांधावर उगवते. या विषाने पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो. हे तेल नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून सुटे तेल घेऊ नये. पाकीटबंद घ्यावे, आणि महाग वाटले तर फोडणीत चमचाभर कमी करावे. सरकीचे तेल स्वस्त पडते, पण ते रिफाइंडच हवे. कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो.

दुसरे बेसन. चणाडाळ महागली की पिठात लाखोळीच्या डाळीची भेसळ होण्याचा धोका असतो. ही डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेली तर पाय लुळे पडण्याचा, लॅथिरिझम नावाचा विकार होतो. यावर उपाय सोपा आहे: चणाडाळ आणा, निवडा आणि गिरणीतून दळून घ्या. चून-भाकरीचे निम्मे जेवण त्यावर चालते, तेव्हा एवढे कष्ट परवडतात.

तिसरी हळद. सुट्या पुडीचा पिवळाधमक रंग मेटॅनिल यलोचा किंवा लेड क्रोमेटचा असू शकतो. लेड म्हणजे शिसे, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची थोडी मात्राही घातक असते. हळकुंडे आणि अख्ख्या मिरच्या घेऊन वर्षाचे तिखट-हळद घरी किंवा कांडपावर करण्याची जुनी रीत यासाठीही चांगली आहे.

चौथे मीठ. खाण्यासाठी आयोडीनयुक्त मीठच विकावे, असा नियम देशभर 2006 पासून आहे. गुरांसाठी आणलेले सुटे खडेमीठ स्वयंपाकात वापरून वाचतात ते फार थोडे पैसे. गर्भवतीला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. आणि मीठ कोणतेही असो, दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरच.

दिवाळीची नानकटाई

सणाला घरचा रवा, मैदा, साखर नेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणणारी घरे अजून आहेत. तिथे स्वस्त म्हणून वनस्पती तूप नेले जाते. त्यातल्या ट्रान्स मेदामुळे हृदयविकार वाढतो, म्हणून सरकारने त्याची मर्यादा 2021 मध्ये 3 टक्के आणि 2022 पासून 2 टक्क्यांवर आणली. म्हणजे आजचे पाकीटबंद वनस्पती पूर्वीइतके घातक नाही. पण त्यात संपृक्त मेद भरपूर असतोच, आणि सुट्या मालाची खात्री कोण देणार? साजूक तूप परवडत नसेल तर दोन किलोऐवजी एक किलोच नानकटाई करा, पण तुपाची करा. निम्म्या मैद्याऐवजी कणीक घातली तरी ती खुसखुशीत होते.

चकल्या तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. ते गाळून एक-दोन दिवसांत भाजीला संपवावे. काळे पडलेले, फेसाळणारे किंवा वास मारणारे तेल टाकून द्यावे.

या महिन्याची किराण्याची यादी करताना पानाचे दोन भाग करा. एका बाजूला तेल, मीठ, डाळ आणि अख्खे मसाले लिहा. त्यांचा दर्जा कमी करायचा नाही. दुसऱ्या बाजूला बिस्किटे, टोस्ट, शीतपेये, तयार मसाल्यांच्या पुड्या लिहा. काट मारायची ती इथे. त्यातून वाचलेल्या पैशात शेंगदाणे, जवस आणि आठवड्याची डझनभर अंडी बसतात का ते पाहा. बहुतेक घरी बसतात.