मराठी बाल-कुमार विज्ञानकथा : स्वरूप आणि अध्यापनातील उपयोग

प्रस्तावना :
बालसाहित्याच्या चर्चेत विज्ञानकथेकडे बहुधा ‘गोष्टीरूप धडा’ म्हणून पाहिले जाते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाटचाल :
भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी जूल व्हर्नच्या कादंबऱ्या खास मुलांसाठी मराठीत आणल्या. १९६६ साली मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकपात्र ठरली. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ती आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली होती. ही कथा केवळ मुलांसाठी नव्हे. तथापि नारळीकरांच्या कथा कुमार वाचकांनीही आपल्याशा केल्या.

स्वरूप :
केवळ यान वा यंत्रमानव आल्याने कथा विज्ञानकथा ठरत नाही. कथेतील वैज्ञानिक कल्पना काढून टाकली असता कथानक कोसळते काय, ही खरी कसोटी होय. प्रखर गुरुत्वाकर्षणाजवळ काळ संथ गतीने सरतो, हे तत्त्व वगळल्यास ‘कृष्णविवर’ची कथाच उरत नाही. याउलट, गोष्टीरूप धड्यातील गोष्ट काढली तरी माहिती तशीच राहते. येथेच दोहोंतील भेद स्पष्ट होतो.

अध्यापनातील उपयोग :
कथेतील विज्ञान चुकीचे असेल तर ती मुलांना द्यावी काय, असा आक्षेप घेतला जातो. व्हर्नच्या १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत तीन प्रवासी सुमारे २७० मीटर लांबीच्या तोफेतून सुटतात. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण भेदण्यास सेकंदास सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो. इयत्ता नववीतील गतीचे समीकरण लावल्यास तोफेतील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२ हजार पट येते; प्रवासी क्षणभरही जगणार नाहीत. हे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः काढले, तर लेखकाची चूकही अध्ययनाचे साधन होते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. फळा, खडू आणि ग्रंथालयातील एक प्रत पुरते. कुंभारीसारख्या परिसरातील शाळांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

निष्कर्ष :
विज्ञानकथेचे कार्य माहिती देणे नसून ‘असे झाले तर?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे होय. म्हणून भाषा व विज्ञान या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी ती एकत्रितपणे शिकविणे इष्ट ठरेल.