काचेचा सांधा

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, आलापल्लीहून एटापल्लीला जाताना सागाचं आणि बांबूचं जंगल रस्त्याला दोन्ही अंगांनी बिलगतं. त्यापुढे जारावंडी, कसनसूर, गट्टा अशी आडवळणाची गावं. या भागात ‘लिंक नाही’ हे दोन शब्द फार महाग पडतात. मजुरी बुडवून बँकेत आलेली बाई ते ऐकून रिकाम्या हाती परतते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेला मुलगा शेवटच्या तारखेला सेतू केंद्राच्या पायरीवर बसून राहतो. अनेकदा कारण साधं असतं: रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दातांत सापडून केबल तुटलेली असते.

केबल जोडायला आलेला माणूस आधी ओटीडीआर लावतो. हे यंत्र तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून तूट किती अंतरावर आहे ते सांगतं. जागा सापडली की रस्त्याकडेला चटई अंथरून काम सुरू होतं. तंतूवरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, क्लीव्हरनं टोक अगदी सरळ कापायचं. मग दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. पडद्यावर ती दोन खांबांएवढी दिसतात. विजेची ठिणगी पडते, काच वितळते आणि क्षणात एकजीव होते. केबलमध्ये चोवीस तंतू असतील तर हे चोवीस वेळा करायचं, तेही हातावर धुळीचा कण न ठेवता. कारण तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि त्यातही प्रकाश वाहतो तो मधल्या सुमारे नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. गाभ्याला गाभा भिडला नाही, तर सांधा दिसायला पक्का आणि कामाला निकामी.

असा तंतू महाराष्ट्रातच, पण इथून खूप दूर, छत्रपती संभाजीनगरजवळ तयार होतो. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, म्हणजे एसटीएल, ही कंपनी तिथे काचेपासून तंतूपर्यंतचं सगळं काम करते. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ प्राणवायूबरोबर तापवली की अतिशुद्ध काचेची भुकटी जमते. गाभ्यासाठी तिच्यात थोडं जर्मेनियम मिसळतात. भुकटीची काचकांडी होते. ती उंच मनोऱ्याच्या माथ्यावर सुमारे २००० अंश सेल्सिअसला मऊ करून खाली केसासारखा तंतू ओढतात. ओढतानाच लेझरनं जाडी मोजली जाते आणि लगेच वरून प्लास्टिकचं आवरण चढतं.

या शुद्धतेची किंमत एका हिशेबातून कळते. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश धाडता येईल. त्यांनी घातलेली अट होती किलोमीटरमागे २० डेसिबल घट. म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी पुरे. तेव्हाच्या काचेला तेवढंही जमत नव्हतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं ते साधलं आणि २००९ मध्ये काओ यांना नोबेल मिळालं. आज चांगल्या तंतूत किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल घट होते. शंभरातला एक भाग आजही उरतो, पण शंभर किलोमीटरनंतर.

तरीही नुसती काच मुकी असते. एका टोकाला विजेचा प्रकाश करणारा लेझर आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशाची वीज करणारा फोटोडायोड लागतो. ग्रामपंचायतीत भिंतीवर टांगलेल्या लहानशा डब्यात हे दोन्ही असतात. त्या डब्यामागचं जीपॉन तंत्रज्ञान १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेनं देशात विकसित केलं आणि ते ग्रामपंचायती तंतूनं जोडणाऱ्या भारतनेट योजनेत वापरलं गेलं. जाणारा आणि येणारा संदेश एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबींवर धावतो: गावाकडे येताना १४९० नॅनोमीटर, गावाकडून जाताना १३१०.

डिसेंबर २०२४ मध्ये याच सी-डॉटनं आणि एसटीएलनं मिळून एक प्रयोग जाहीर केला. चार गाभ्यांच्या एकाच तंतूतून त्यांनी शंभर किलोमीटरवर संदेश कुलूपबंद करणारी क्वांटम किल्ली पोचवली. अशी किल्ली प्रकाशाच्या सुट्या कणांवर लिहिलेली असते. वाटेत कुणी डोकावलं तर कण बिघडतात आणि चोरी उघड होते. पण याच कारणानं तो प्रकाश वाटेत वाढवताही येत नाही. शंभर कणांतला जो एखादा उरतो, त्याच्यावरच भिस्त. किल्ली बनवण्याचं तंत्र एका संस्थेचं, तंतू दुसरीचा. या क्षेत्रात एकट्यानं काही होत नाही, कारण खरी परीक्षा नेहमी सांध्यावर असते: लेझर आणि तंतू यांच्या, तंतू आणि तंतू यांच्या, संस्था आणि संस्था यांच्याही.

एटापल्लीची परीक्षाही तिथेच आहे. भारतनेटचं काम २०११ मध्ये मंजूर झालं तेव्हा तंतूची रचना बहुतांशी एकेरी होती. वाटेत एक घाव पडला की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत कडीची रचना ठरली आहे: एका बाजूनं तंतू तुटला तर प्रकाश दुसऱ्या बाजूनं येईल. ज्या गावाला जायला एकच रस्ता आहे, त्याला अशा दुसऱ्या वाटेची सगळ्यात जास्त गरज आहे. आणि दाट जंगलात ती घालणं सगळ्यात अवघड आहे. म्हणूनच ती सर्वांत आधी तिथे जायला हवी.

ती येईपर्यंत भार त्या चटईवरच्या माणसावर आहे. शेवटचा तंतू जुळतो, मशीन घट दाखवतं: ०.०२ डेसिबल. तो सांध्यावर नळी सरकवतो, तापवून आवळतो, ट्रे बंद करतो आणि फोन लावतो.

“बघा, आली का लिंक?”

“आली.”